लेकराची मिरगी आणि कीटो आहार: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

नागपुरात मुलांच्या मिरगीच्या ओपीडीला मी आहारतज्ज्ञ म्हणून बसते. साधारण एक ते सहा वर्षांच्या लेकरांचे आईबाबा जे विचारतात, तेच इथे लिहिलं आहे. डॉक्टरांनी हा आहार सुचवला असेल तर आधी हे वाचा, मग भेटायला या. सुचवला नसेल तर वाचून घरीच सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात साखर एकदम खाली येऊ शकते, आणि काही मुलांना तर हा आहार घातकच असतो. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

कीटोजेनिक आहार म्हणजे नेमकं काय?

पोळी, भात, दूध, फळं यांतल्या कर्बोदकांची शरीर साखर करतं आणि तीच मेंदूचं रोजचं इंधन असते. कर्बोदकं जवळजवळ बंद केली आणि तूप, लोणी, तेल, साय, खोबरं भरपूर दिलं, की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं. मग मेंदू त्यावर चालायला लागतो. अशा वेळी बऱ्याच मुलांचे झटके कमी होतात. असं का होतं याचं एकच कारण नाही. पेशींना मिळणारी ऊर्जा, मेंदूला शांत करणारी रसायनं, काही स्निग्धाम्लांचा थेट परिणाम, आतड्यातले जीवाणू, अशा सगळ्या बाजूंनी संशोधन झालेलं आहे.

हा तोच वजन कमी करायचा कीटो का?

नाही. नाव एक असलं तरी काम वेगळं. जिममधल्या कीटोत माणूस अंदाजाने खातो. इथे लेकराचं वय, वजन आणि औषधं पाहून ग्रॅममध्ये हिशेब होतो, आणि मुलाचं वजन कमी झालं तर आम्ही काळजीत पडतो.

हा उपचार कालपरवाचाही नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी मिरगीसाठी हा आहार मांडला आणि त्याला हे नाव दिलं. (नागपूरकरांसाठी खुलासा: सेंट्रल अव्हेन्यूवरचं आपलं मेयो रुग्णालय वेगळं. एक आजोबा हे ऐकून अभिमानाने ताठ बसले होते, म्हणून सांगते.) १९३८ मध्ये फेनिटोइन आलं, गोळी देणं सोपं होतं, आणि आहार मागे पडला. नव्वदच्या दशकात हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या लहान मुलाचे झटके औषधांनी थांबेनात, ते या आहाराने थांबले. वडिलांनी त्याचा जोरात प्रसार केला आणि जगभर पुन्हा अभ्यास सुरू झाले.

आमच्या मुलाला याची गरज आहे हे कसं ठरतं?

योग्य निवडलेली आणि योग्य डोसमध्ये दिलेली दोन औषधं होऊनही झटके थांबले नाहीत, तर त्या मिरगीला औषधांना न जुमानणारी म्हणतात. तिथून पुढे तिसरं, चौथं औषध देऊन पूर्ण आराम पडण्याची शक्यता बरीच कमी होत जाते. म्हणून त्या टप्प्यावर आहाराचा विचार व्हायला हवा. आमच्याकडे मुलं येतात ती बहुतेक त्याच्या खूप नंतर, पाच औषधं आणि तीन गावांचे तांत्रिक करून. लवकर आलात तर बरं.

काही आजारांत मात्र आहार हाच पहिला उपचार असतो. ग्लूट-१ या वाहक प्रथिनाच्या कमतरतेत साखर मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही, तिथे कीटोन हाच पर्याय. पायरुवेट डिहायड्रोजिनेज (साखरेपासून ऊर्जा काढायला लागणारं विकर) कमी असेल तिथेही कीटोनच कामी येतात. वेस्ट सिंड्रोम (बाळ एकदम दचकून वाकतं ते झटके), ड्राव्हे आणि डूझ सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारे मिरगीचे अवघड प्रकार), ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जन्मजात आजार) यांतही याचा चांगला उपयोग दिसलेला आहे.

फरक किती पडतो? खरं सांगा.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. दोन ते सोळा वर्षांची १४५ मुलं, सगळ्यांची मिरगी औषधांना न जुमानणारी. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून जास्त कमी झाले होते. आहार न घेतलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होतं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने सुधारित अ‍ॅटकिन्स प्रकारावर (याच आहाराचा सोपा प्रकार, पुढे सांगितला आहे) केलेला अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात १०२ मुलं होती. आहाराच्या गटात ५२ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ११ टक्के मुलांचे झटके निम्म्याने घटले.

म्हणजे काही लेकरांचे झटके पूर्ण थांबतात, बऱ्याच जणांचे कमी होतात आणि काहींना काहीच फरक पडत नाही. आपलं लेकरू कोणत्या गटात जाईल हे आधी सांगता येत नाही. झटके तेवढेच राहिले पण मूल जास्त जागं झालं, नजर देऊ लागलं, असंही पालक सांगतात आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. पण ‘मिरगी मुळापासून बरी करणारा आहार’ असं कोणी विकत असेल तर तिथून उठून या.

कोणाला हा आहार चालत नाही?

काही मुलांच्या शरीरात चरबी जाळण्याची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असते. अशा मुलाला साखर बंद करून तूप दिलं तर जिवावर बेततं. चरबीच्या चयापचयाचे हे आजार, प्राथमिक कार्निटिनची (चरबी जाळायला पेशीत नेणाऱ्या पदार्थाची) कमतरता, पायरुवेट कार्बोक्सिलेजची कमतरता आणि पोरफायरिया, यांत हा आहार देतच नाहीत. म्हणून सुरू करण्याआधी रक्त आणि लघवीच्या तपासण्या होतात: यकृत, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व, आणि चयापचयाच्या खास चाचण्या. ‘एवढं रक्त कशाला काढता’ असं प्रत्येक आजी विचारते. त्याचं उत्तर हेच आहे.

४:१ म्हणजे काय? आम्हाला गणित जमत नाही.

गणित आम्ही करतो, तुम्हाला फक्त मोजायचं असतं. तरी एकदा समजून घ्या, मग वजनकाट्याचा राग येणार नाही.

४:१ म्हणजे चार ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम. एक ग्रॅम स्निग्धातून ९ कॅलरी मिळतात, बाकी दोन्हींतून ४. म्हणजे असा एक भाग ४० कॅलरींचा, त्यातल्या ३६ स्निग्धाच्या. १४ किलोच्या लेकराला दिवसाला १००० कॅलरी लागतात असं धरू. १००० भागिले ४० म्हणजे २५ भाग: १०० ग्रॅम स्निग्ध आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम. वाढीसाठी त्यातली १५ ग्रॅम प्रथिनांना दिली, तर कर्बोदकांना उरतात दिवसाचे १० ग्रॅम.

आता १० ग्रॅम म्हणजे किती ते पाहा. एका मध्यम पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्या एका संत्र्यात दहाच्या आसपास. अख्ख्या दिवसाचा कोटा एका संत्र्यात संपतो, तेही काटोलच्या बागेतून घरी पेटी आलेली असताना.

१५ मिलीच्या मोठ्या चमच्यात सुमारे १४ ग्रॅम तूप मावतं, म्हणजे १०० ग्रॅम स्निग्ध म्हणजे असे सात चमचे. एका जेवणाचं चित्र डोळ्यासमोर यावं म्हणून सांगते: २० ग्रॅम पनीर, मूठभर पालक आणि २० ग्रॅम तूप. जेवढं पनीर तेवढंच तूप! हा आकडा तुमच्या लेकराचा नाही, तुमचा तक्ता वेगळा निघेल.

याहून सोपा प्रकार नाही का?

आहे. सुधारित अ‍ॅटकिन्स आहारात दिवसाची कर्बोदकं १० ते २० ग्रॅमवर बांधतात, स्निग्ध भरपूर देतात, पण प्रथिनं आणि एकूण कॅलरी मोजत बसत नाहीत. घरच्यांना हा पेलतो. तिसरा प्रकार कमी ग्लायसेमिक इंडेक्सचा, त्यात ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं चालतात, पण साखर हळू चढवणारीच. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा मोजून-मापून ४:१ किंवा ३:१ चाच देतात. मोठ्या मुलांत घर पाहून ठरवते. दोन खोल्यांत नऊ माणसं आणि स्वयंपाक सासूबाईंच्या हातात असेल, तर कागदावरचा उत्तम ४:१ काय कामाचा? तिथे नीट पाळलेला अ‍ॅटकिन्स बरा.

आम्ही शाकाहारी आहोत. मग खायला उरतं काय?

पुष्कळ उरतं, आणि विदर्भाच्या स्वयंपाकघरात तर जास्तच. जवस घ्या. जवसात तेल भरपूर, आणि त्यातली कर्बोदकं जवळजवळ सगळी चोथ्याची, म्हणजे न पचणारी. जवसाची चटणी तिखट कमी करून, तुपात कालवून दिली की लेकरं मागून खातात. तीळ, खोबरं, थोडे फल्लीदाणे, पनीर, साय, लोणी हे सगळं बसतं. भाज्यांत पालक, मेथी, अंबाडी, वांगं, दोडकं, फुलकोबी, पानकोबी, काकडी, सांभार (कोथिंबीर). फुलकोबी किसून तुपात परतली की तिचा ‘भात’ होतो. भाताच्या वाटीत दिला तर तीन वर्षांचं मूल भात म्हणूनच खातं, पाच वर्षांचं पकडतं. वांग्याच्या भरतात तेल ओतायला कोणाची हरकत नसते, इथे तर ते औषधच.

अंडी चालत असतील तर काम निम्मं सोपं. एका अंड्यात प्रथिनं सहा ग्रॅम, कर्बोदकं एका ग्रॅमहून कमी. चिकन, मासेही चालतात.

पोळी, भात, पोहे, आलू, साबुदाणा, वरण, फळं, गोड पदार्थ जातात. बेसनही जवळजवळ जातं, म्हणजे झुणका आणि पाटवडी नाही. तर्री पोह्यांत तर्रीवरचं तेल चालेल आणि पोहे चालणार नाहीत, असा हा उलटा संसार आहे.

तीन गोष्टी लोक हमखास विचारतात. गूळ आणि मध म्हणजे साखरच. उपवासाचे पदार्थ म्हणजे बहुतेक पिष्टच. आणि ‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच.

एवढं तूप लेकरू खाईल कसं?

गरम तूप नुसतं पाजलं तर ओकेल. ते लपवावं लागतं: पनीर तुपात कुस्करून, साय फेटून, खोबऱ्याचं दूध घालून, नाहीतर तूप-खोबऱ्याच्या गोळ्या फ्रिजमध्ये घट्ट करून. घासाच्या आधी स्निग्ध आणि मग आवडीचं, असा क्रम ठेवा.

वाटीला लागून राहिलेलं तूप हे खरं दुखणं. पाच ग्रॅम वाटीतच राहिलं तर ते जेवण ४:१ चं राहत नाही. रामटेककडची एक आई काकडीची पातळ चकती शेवटपर्यंत राखून ठेवते. लेकरू त्या चकतीने वाटी पुसतं, चकती खातं, आणि वाटी अशी लख्ख की घासायला नको. काकडीचं वजन तिने आधीच तक्त्यात धरलेलं असतं. हे मी आता सगळ्यांना शिकवते.

भरती व्हावं लागतं का? उपाशी ठेवतात का?

पूर्वी एक-दोन दिवस उपाशी ठेवून सुरुवात करायचे. त्याची गरज नसते, हळूहळू रेशो (म्हणजे ते ४:१ सारखं प्रमाण) चढवूनही तोच परिणाम मिळतो असं दिसून आलं आहे. छोट्या बाळांना आणि ४:१ वाल्यांना काही दिवस भरती करणं बरं, साखर आणि उलट्यांवर लक्ष राहतं. अ‍ॅटकिन्स बहुतेक वेळा ओपीडीतूनच सुरू होतो.

बाळ अजून अंगावर पितं. मग?

आईच्या दुधात दर १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणून पोटभर पाजता येत नाही. पण पूर्ण तोडायचीही गरज नाही. दूध काढून, मोजून, खास कीटो पावडरीच्या दुधासोबत बसवता येतं. हे केंद्रातच ठरवायचं.

मिरगीची औषधं बंद करायची का?

नाही! आहार आणि औषधं सोबतच चालतात. झटके कमी झाले तर काही महिन्यांनी डॉक्टर एकेक औषध उतरवतील. एकदम बंद केलं तर झटक्यांची साखळी लागू शकते आणि दोष मात्र आहारावर येतो.

बदलायचा असतो तो औषधाचा प्रकार. पातळ औषधांत बहुतेक वेळा साखर किंवा सॉर्बिटॉल असतं. मिरगीचं सिरप, तापाचं सिरप, खोकल्याचं, लोहाचं, सगळी यादी आम्हाला दाखवा. शक्य तिथे डॉक्टर गोळी लिहून देतात. गोळी कुटून द्यायची असेल तर आधी विचारा, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. च्यवनप्राश, मधातली गुटी, होमिओपॅथीच्या गोड गोळ्या यांतही साखर असतेच. ‘ते तर औषध आहे’ म्हणून पालक यादीत सांगत नाहीत.

टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर रक्तातलं आम्ल वाढणं आणि मुतखडा यांवर जास्त नजर ठेवतो. व्हॅल्प्रोएट असेल तर यकृत आणि कार्निटिनवर.

त्रास काय काय होतात? कोलेस्टेरॉल वाढून हृदयाला काही?

सुरुवातीला उलटी, मरगळ, खायला नकार. नंतर सगळ्यांत जास्त तक्रार बद्धकोष्ठाची: पाणी, पालेभाजी, साधं बिनसाखरेचं इसबगोल, आणि तरी नाही झालं तर डॉक्टरांचं औषध. कोलेस्टेरॉल बऱ्याच मुलांचं सुरुवातीला वाढतं. रेशो आणि तेलांचा प्रकार बदलून ते आवरता येतं, आहार थांबल्यावर सहसा खालीही येतं. मुतखडा शंभरात साधारण पाच-सात मुलांना होतो, तो टाळायला पोटॅशियम सायट्रेट देतात. लघवी लाल दिसली किंवा करताना लेकरू रडलं तर लगेच कळवा. उंचीची वाढ थोडी मंदावू शकते, म्हणून दर भेटीला उंची आणि वजन. जीवनसत्त्वं, कॅल्शियम, ड हे बिनसाखरेच्या स्वरूपात रोज लागतातच. या आहारातून ते पुरत नाहीत, तेव्हा ‘एवढं तूप खातो, मग टॉनिक कशाला’ असं म्हणून ते थांबवू नका.

कीटोन कसे तपासायचे?

लघवीच्या पट्टीने. रंग फिकट गुलाबीपासून जांभळ्याकडे जातो, ८० ते १६० च्या खान्यात यायला हवा. डबी घट्ट बंद ठेवा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. तारीख, पट्टीचा रंग, झटके आणि काय खाल्लं, हे एकाच वहीत लिहा. मोबाइलमध्ये लिहिलेलं दुसऱ्या भेटीला कोणालाच सापडत नाही.

ताप, उलटी, जुलाब झाले तर?

आधी फोन. आजारपणात एक-दोन दिवस रेशो उतरवावा लागतो.

ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं, लिटरला १३.५ ग्रॅम. लेकरू जुलाबाने सुकत असेल तर कीटोनचा विचार बाजूला ठेवून ओआरएस द्या आणि दवाखाना गाठा. कीटोन दोन दिवसांत परत येतात.

श्वास जोरात चालतो, चेहरा लाल, चिडचिड, उलट्या, मूल सुस्त, ही आम्ल किंवा कीटोन फार वाढल्याची लक्षणं. घाम, थरथर, गळून जाणं ही साखर उतरल्याची. दोन्हींत तुमच्या तक्त्यावर लिहून दिलेला फळांचा रस, साधारण १५ ते ३० मिली, पाजायचा आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथे नेहमीच्या सवयीने ग्लुकोजची सलाईन लागते. ‘हे मूल कीटोजेनिक आहारावर आहे, साखर उतरलेली नसेल तर बिनग्लुकोजची सलाईन लावा’ असं पत्र आमच्याकडून घ्या आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय करायचं?

पंचेचाळीस डिग्रीत पाणी कमी पडलं तर आम्लही वाढतं आणि मुतखड्याची भीतीही. पाण्यावर बंधन नाही, ठरवून पाजा. उसाचा रस, पन्हं, रसना, बर्फाचा गोळा हे बंद. लिंबूपाणी मीठ घालून, बिनसाखरेचं, मोजलेल्या लिंबाचं चालतं. ताक मोजूनच. कूलरसमोर खेळू द्या, दुपारी बाहेर नको. ताप आणि ऊन दोन्ही काही मुलांचे झटके वाढवतात, ड्राव्हे सिंड्रोममध्ये तर नक्कीच.

आजी-आजोबा ऐकत नाहीत. चोरून बिस्किट देतात.

आहार मोडतो तो बहुतेक वेळा इथेच, लेकराच्या हट्टाने क्वचित. ‘एवढुशा लेकराला उपाशी मारता का बाई?’ असं एका आजींनी मला तोंडावर विचारलं होतं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आयुष्यभर ज्या हातांनी भरवलं त्यांना आपण एकदम ‘देऊ नका’ म्हणतो आणि दुसरं काहीच हातात देत नाही.

म्हणून पहिल्या भेटीला आजीला घेऊनच या. मी वजनकाटा आईच्या आधी त्यांच्यासमोर ठेवते. त्या आजींना तूप मोजायचं काम दिलं. पुढच्या भेटीत त्यांनी सुनेची वही स्वतः उघडून दाखवली आणि वर मलाच सांगितलं की तुमच्या तक्त्यातलं लोणी घरच्या लोण्याला लागू होत नाही, घरच्यात पाणी जास्त निघतं. बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून मी लोण्याऐवजी कढवलेलं तूप लिहून देते.

शेजारच्या काकू, घरी येणारी कामवाली मावशी, दुकानात चॉकलेट हातावर ठेवणारे काका, या सगळ्यांना एकदा सांगून टाका. मिरगी लपवायची म्हणून आहार लपवता, आणि मग प्रेमाने कोणीतरी पेढा भरवतं. लपवण्यासारखं यात काही नाही.

चुकून काही खाल्लं तर?

ओरडू नका, मारू नका. वहीत लिहा, पट्टी तपासा, पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे द्या. काही मुलांना एका चॉकलेटनेही झटका येतो, काहींना काही होत नाही. भरपाई म्हणून पुढचं जेवण चुकवणं किंवा जास्तीचं तूप पाजणं, दोन्ही नको.

बालवाडीत आणि सणावारी कसं सांभाळायचं?

बालवाडीच्या बाईंना लेखी चिठ्ठी द्या: काय द्यायचं नाही, झटका आला तर काय करायचं, कोणाला फोन. डबा घरचाच, आणि वाढदिवसाच्या दिवसासाठी बाईंकडे खोबऱ्याच्या दोन गोळ्या आधीच ठेवलेल्या.

अवघड दिवस म्हणजे तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून लेकरं घरोघर जातात आणि प्रत्येक दारात खाऊ. पोराला घरात कोंडू नका. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा की आमच्याला बोजारा (दारात मिळणारी भेट) पैशातच द्या. पैसे पाहून बाकीची पोट्टी जळतात, हा वरचा फायदा. त्याच दिवशी मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून जोरात ओरडा, त्यात मिरगीचंही नाव घ्या. सकाळची गोळी आणि मोजलेला डबा मात्र देऊनच निघा.

दिवाळीत फराळाचं ताट लेकरासमोर मांडून ‘तुला नाही’ म्हणू नका. संक्रांतीला तीळ चालतो, गूळ नाही. प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवला तर देव रागावत नाही, हे आमच्या ओपीडीत आलेल्या एका गुरुजींनीच सांगितलं आहे.

आहारावर असताना झटका आला तर?

नेहमीचंच. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही, गळ्याजवळचं सैल करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल, चाव्या यांनी झटका थांबत नाही. तो आपोआप थांबतो तेव्हा जे हातात असतं त्याला श्रेय मिळतं. पाच मिनिटांत थांबला नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे मारा आणि १०८ ला फोन करा.

खर्च किती येतो?

तूप, पनीर, खोबरं यांचा किराणा वाढतो, त्यात पट्ट्या आणि तपासण्या. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा इतवारीत मिळतो, सोनाराचा घेऊ नका. आयात केलेली कीटो बिस्किटं, पिठं यांची गरज नाही. पावडर लागते ती मुख्यतः बाळांना आणि नळीने जेवणाऱ्या मुलांना. नळीच्या मुलांना तर हा आहार देणं सगळ्यांत सोपं जातं, कारण ते ‘नको’ म्हणत नाहीत.

नागपुरात कुठे जायचं?

लेकराचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ असतील त्यांच्याकडून बालमेंदूविकारतज्ज्ञांची चिठ्ठी घ्या. मिहानमधलं एम्स, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो या तिन्ही सरकारी ठिकाणी बालरोग विभाग आहेत, चौकशीची सुरुवात तिथून करता येते. कुठेही गेलात तरी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघं मिळून पाहतात का, अडचणीच्या वेळी फोन उचलतं का, हे आधी विचारा. गोंदिया, छिंदवाड्याहून येणाऱ्यांना दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

किती दिवस करायचा? बंद केल्यावर झटके परत येतात का?

तीन महिने नीट करून पाहायचा. त्याआधी ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका, आणि तीन महिने काटेकोर करूनही काहीच फरक नसेल तर उगाच ओढू नका. थांबवणं हाही तेवढाच योग्य निर्णय आहे. फायदा झाला तर साधारण दोन वर्षं. ग्लूट-१ मध्ये अनेक वर्षं. थांबवताना दोन-तीन महिन्यांत रेशो ४, मग ३, मग २ असा उतरवतात. पूर्ण झटके थांबलेल्या मुलांपैकी पाचांत साधारण चौघांचे आहार सोडल्यावरही थांबलेलेच राहतात. पहिली पोळी कधी द्यायची ते आम्ही सांगू, तुम्ही ठरवू नका.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

जुन्या सगळ्या फाइली, ईईजी आणि एमआरआय, चालू औषधांच्या बाटल्या आणि पाकिटं (नुसती नावं नको, लेबल पाहायचं असतं), मागच्या महिन्यातल्या झटक्यांची नोंद, झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, आणि तीन दिवसांत लेकराने काय काय खाल्लं त्याची खरी यादी. बिस्किटांसकट. घरात स्वयंपाक जे करतात त्यांना सोबत आणा. लेकराला सकाळी नेहमीसारखं खाऊ घालून आणा. रक्त उपाशीपोटी काढायचं असेल तर तसं आदल्या दिवशी फोनवर कळवतो.